गाडीची टिकटिक

आवाज पहिल्यांदा अम्मींच्या कानावर आला. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातले तीन दिवस आम्ही त्यांना नेरूळहून वाशीला डायलिसिससाठी नेतो. मागच्या सीटवर उशी टेकवून त्या डोळे मिटून बसतात. रस्ता त्यांना दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. पाम बीच रोडच्या सिग्नलला गाडी थांबली की त्या म्हणायच्या, "कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय वाटतं." आम्ही हसण्यावारी नेलं. घरात चार माणसं, त्यातलं एक आजारी, नोकरी, मुलांच्या परीक्षा. गाडी चालतेय ना, मग झालं.

पण महिनाभरात तो आवाज आम्हालाही ऐकू यायला लागला. टिक-टिक-टिक-टिक. गाडी उभी असताना ठळक, वेग घेतला की दाट होत होत वाऱ्याच्या आवाजात मिसळून जाणारा. पुढे एका शनिवारी डायलिसिस आटोपून परत येताना सानपाड्याच्या सिग्नलला गाडी थरथरली आणि बंद पडली. मागे हॉर्न वाजताहेत, अम्मींचं बीपी उतरलेलं, त्यांना घाम फुटलेला. चावी तीनदा फिरवल्यावर गाडी चालू झाली. घरी पोहोचेपर्यंत आमच्यापैकी कुणी एक शब्द बोललं नाही.

आमची गाडी २०१४ सालची साधी हॅचबॅक आहे. पेट्रोलची घेतली होती, नंतर तिला सीएनजी किट बसवलं. नवी मुंबईत हे काही वेगळं नाही. आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये निम्म्या गाड्यांच्या डिकीत सिलिंडर आहे. फजरनंतर लगेच निघायचं, पंपावरच्या रांगेत उभं राहायचं, गॅस भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरायचं. डायलिसिसच्या दिवशी अम्मींना असं उतरवणं नको म्हणून आम्ही आदल्या रात्रीच टाकी भरून ठेवतो.

सोमवारी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. काचेचं ऑफिस, एसी, चहा. मुलाने स्कॅनर लावला. पडद्यावर पी-०३०३ असा कोड आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, आपल्या भाषेत 'मिसिंग'. मग अंदाजपत्रक आलं: चारही इंजेक्टर बदलावे लागतील, हेड खोलून व्हॉल्व्ह बघावे लागतील, गाडी पाच-सहा दिवस ठेवावी लागेल. एकूण ४१,५०० रुपये. मोठ्या मुलीची क्लासची फी भरून आमच्याकडे जे उरलं होतं, त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय पाच-सहा दिवस म्हणजे अम्मींच्या किमान दोन खेपा कॅबने. डायलिसिसनंतर गळून गेलेल्या माणसाला घेऊन हॉस्पिटलच्या दारात उभं राहायचं आणि मोबाइलवर 'ड्रायव्हर कॅन्सल्ड' वाचायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

अब्बांनी तो कागद वाचला आणि विचारलं, "त्याने बोनेट उघडून ऐकलं का?"

ऐकलं नव्हतं. स्कॅनर लावला, कोड वाचला, छापून दिलं.

अब्बांनी मुंबईत २६ वर्षं काळी-पिवळी चालवली. प्रीमियर पद्मिनी. त्या गाडीत कार्बोरेटर होता. हवेच्या ओढीने पेट्रोल आपोआप खेचलं जायचं. त्यात ना विजेवर उघडझाप करणारी सुई, ना कसला संगणक. तुम्ही गाडीला कान लावायचा आणि ती काय ते सांगायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला गेला, तेव्हा अब्बा टीव्हीसमोरून उठून गॅलरीत जाऊन बसले होते. आता त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. तरी ते म्हणाले, "उद्या सकाळी इंजिन थंड असताना बघू. पैसे नंतर."

पुढचं सांगण्याआधी ही टिकटिक मुळात असते काय, ते थोडं सांगायला हवं. आम्हालाही ते या निमित्तानेच कळलं.

कार्बोरेटर जाऊन त्याच्या जागी इंजेक्टर आले, ते धुराचे नियम कडक झाल्यामुळे. जगात बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आली. आपल्याकडे ती सर्रास दिसू लागली २००० च्या आसपास. त्या काळात गाड्यांच्या मागे 'एमपीएफआय' अशी अक्षरं अभिमानाने चिकटवलेली असायची, आठवतं का? इंजेक्टर म्हणजे बोटभर लांबीची विजेवर चालणारी तोटी. आत एक गुंडाळी, एक स्प्रिंग आणि एक सुई. वीज आली की गुंडाळीचं लोहचुंबक होतं आणि सुई केसभर वर उचलली जाते. तेवढ्यात पेट्रोलचा बारीक फवारा उडतो, वीज तुटते आणि स्प्रिंग सुईला पुन्हा खाली आपटते. गाडी उभी असताना हा सगळा खेळ दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. सुई वर आदळते, खाली आदळते, त्याचीच ती टिकटिक.

आता हिशेब बघा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा एका सिलिंडरला एकदा इंधन मिळतं. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असेल, तर एक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा टिकटिकतो. चार मिळून १६००, म्हणजे सेकंदाला २६-२७ वेळा. इतक्या दाट आवाजाची कानाला एक सलग गुणगुण वाटते. म्हणून तब्येतीने ठीक असलेल्या गाडीतही बोनेट उघडून कान दिला, तर हलकी टिकटिक येणारच. तो बिघाड नव्हे.

नव्या गाड्यांत तर ती जास्तच येते. ज्या पेट्रोल इंजिनात फवारा थेट सिलिंडरच्या आत मारतात, तिथे इंधनाचा दाब दीड-दोनशे बार किंवा त्याहून अधिक असतो. साध्या एमपीएफआयमध्ये तो तीन-चार बारच्या घरात असतो. आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी नवी कोरी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि चौथ्या दिवशी शोरूमला जाऊन भांडून आले, "इंजिन खडखडतंय!" शोरूमवाल्यांनी त्यांच्यासमोर त्याच मॉडेलच्या आणखी तीन गाड्या चालू केल्या. चारही तशाच टिकटिकत होत्या. शेजारी गप्प घरी आले. आता मात्र ते सगळ्यांना समजावून सांगतात.

मग काळजी करायची ती कधी? आवाज पूर्वी नव्हता आणि आता आहे तेव्हा. सलग गुणगुणीतून एकच टिक वेगळी, टोकदार ऐकू येते तेव्हा. आणि आवाजाबरोबर थरथर, पिकअप कमी होणं, पेट्रोल किंवा गॅसचा वास यांपैकी काही आलं तर लगेच. वास आला तर ऐकत बसायचंच नाही. गाडी बंद करायची, सगळ्यांना उतरवायचं, डिकीतल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करायचा आणि लांब उभं राहायचं.

मंगळवारची पाळी दुपारची होती, त्यामुळे सकाळ आमच्या हाती होती. अब्बांनी घरातला सगळ्यात लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनच्या भागावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचंच काम होतं. (ओढणी, लांब बाह्या, साखळी हे सगळं आधी आवरून घ्यावं. पंखा आणि बेल्ट फिरत असतात, आणि गाडी उभी आहे म्हणून ते थांबत नाहीत.) पण अब्बांच्या कानाला नीट फरक कळेना. ते चिडले, स्वतःवरच. मग अकरावीत शिकणारी आमची मोठी लेक खाली आली.

तिने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला, दहा सेकंद. तिच्याकडच्या एका ॲपमध्ये आवाजाच्या लाटा पडद्यावर दिसतात. टोकदार सुळके तिने बोट ठेवून मोजले: एकाहत्तर. मग डॅशबोर्डवरचा काटा बघितला, तो साडेआठशेच्या जवळपास. "अब्बाजान, दहा सेकंदांत ७१ म्हणजे मिनिटाला ४२६. इंजिनच्या फेऱ्यांच्या बरोबर निम्मे. म्हणजे दर दोन फेऱ्यांना एकदाच काहीतरी आपटतंय. एकच."

अब्बा तिच्याकडे बघतच राहिले. दोन फेऱ्यांना एकदा होणाऱ्या गोष्टी इंजिनात मोजक्याच असतात. एका सिलिंडरचा इंजेक्टर उघडतो तो एकदा, आणि एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतो तो एकदा. क्रँककडचा काही बिघाड असता तर टिक दर फेऱ्याला आली असती, म्हणजे दहा सेकंदांत १४०. तेव्हा गोष्ट दोहोंवर आली. व्हॉल्व्हकडे म्हणजे टॅपेटमध्ये दोष असेल तर हेड खोलणं आलं. वर्कशॉपवाला खरा ठरेल. इंजेक्टर असेल तर कदाचित वाचलो.

आणि इथे अब्बांनी आयुष्यात कधी इंजेक्शनची गाडी दुरुस्त केली नसताना तो साधा सवाल विचारला, जो त्या एसी ऑफिसात कुणी विचारला नव्हता: "गाडी आता कशावर चालतेय?"

गॅसवर चालत होती. लेकीने डॅशबोर्डजवळचं बटण दाबून गाडी पेट्रोलवर घेतली. टिकटिक गायब.

पुन्हा गॅस, टिकटिक परत. पुन्हा पेट्रोल, बंद. असं आम्ही चार-पाच वेळा केलं, लहान मुलं दिव्याचं बटण खेळतात तसं. व्हॉल्व्हला इंधन कुठलं आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. तो पेट्रोलवरही तेवढाच वाजला असता. पण सीएनजी किटमध्ये पेट्रोलच्या इंजेक्टरखेरीज गॅसचे चार वेगळे इंजेक्टर असतात, एका पट्टीवर ओळीने बसवलेले. त्याला गॅरेजवाले 'रेल' म्हणतात. गॅसवर गाडी गेली की पेट्रोलचे इंजेक्टर गप्प बसतात आणि हे चार काम करतात. म्हणजे दोषी या चारांपैकी एक. स्कॅनरचा कोड तिसऱ्या सिलिंडरचा होता, म्हणजे बहुधा तिसरा. वर्कशॉपचा कोड चुकीचा नव्हता. त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता. ते बदलणार होते ते पेट्रोलचे चार इंजेक्टर. ४१,५०० खर्चूनही टिकटिक तशीच राहिली असती.

आम्ही रागाने काही बोलायला लागलो तेव्हा अब्बा म्हणाले, "त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने ऐकलं नाही, एवढंच."

बुधवारी तुर्भ्याला गेलो. एपीएमसी मार्केटच्या पलीकडे ट्रकवाल्यांच्या वस्तीत सीएनजीचं काम करणारे बरेच गॅरेजवाले आहेत. त्यातल्या एका उस्तादांकडे अब्बांच्या जुन्या टॅक्सीवाल्या दोस्ताने पाठवलं होतं. उस्ताद मूळचे सांगलीकडचे, पन्नाशीचे, बोलायला कमी. आम्ही रेकॉर्डिंग ऐकवलं, लेकीचा हिशेब सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "चाचा, गॅसचा फिल्टर कधी बदलला होता?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. किट बसवून चार वर्षं झाली होती. फिल्टर नावाची वस्तू आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. म्हणजे तसं नाही, किटसोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात अम्मींच्या रिपोर्टांखाली होती.

उस्तादांनी आधी डिकीतल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि गाडी चालूच ठेवली. नळीत राहिलेला गॅस संपला तशी गाडी आपोआप पेट्रोलवर गेली. मग इंजिन बंद करून काही वेळ थांबले. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारच्या दाबाने भरलेला असतो. वाटेत रेड्यूसर तो दोनेक बारपर्यंत उतरवतो आणि मग गॅस फिल्टरमधून रेलकडे जातो. हे काम घरी पाना घेऊन करायचं नाही, हे आम्ही मुद्दाम लिहून ठेवतो. ऐकण्यापर्यंत आपण, उघडण्याचं काम त्यांचं.

फिल्टर बाहेर आला तो काळाकुट्ट, चिकट. पंपावर गॅस दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरचं थोडं तेल गॅसबरोबर येतं, त्यात बारीक धूळ मिसळते आणि ती काजळी होते. फिल्टर भरला की ती पुढे सरकते, इंजेक्टरमध्ये. रेल उघडली तर तिसऱ्या इंजेक्टरच्या आतल्या दट्ट्याच्या टोकाचा रबर झिजून गेला होता. रबर असतो तेव्हा दट्ट्या गादीवर पडल्यासारखा पडतो. रबर गेला की धातूवर धातू. टिक. शिवाय तो नीट बंद होत नसल्याने तिसऱ्या सिलिंडरला गॅस कधी जास्त, कधी कमी जात होता. त्याचीच थरथर, त्याचाच कोड, त्याचंच सानपाड्याच्या सिग्नलला बंद पडणं.

आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती बघून आम्हाला हसू आलं. रेल ज्या पट्टीवर बसवतात तिच्या दोन टोकांना रबरी बूश असतात. एका टोकाचा बूश कुजून पडला होता आणि पट्टी थेट लोखंडाला टेकली होती. एवढीशी टिक गाडीच्या सगळ्या अंगात पसरत होती, तबल्यावर बोट ठेवावं तशी. अम्मींच्या सीटपर्यंत शिलाई मशीन पोहोचलं ते या मार्गाने.

दट्टे, स्प्रिंगा, ओ-रिंगा यांचा संच मिळतो, रिपेअर किट म्हणतात. उस्तादांनी चारही बदलले. एक बदलून तीन जुने ठेवले तर चौघांचं माप जुळत नाही, म्हणाले. नवा फिल्टर, नवे बूश. मग साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. शेवटी लॅपटॉप जोडून गॅसचं माप पुन्हा बसवलं. दुपारी चारला गाडी तयार. मजुरीसकट ३,८०० रुपये.

पेट्रोलवर गाडी थोडी अडखळते हे त्यांच्या लक्षात आलं. "वहिनी, पेट्रोल टाकीत किती असतं?" किती असणार, काटा तळाला. गॅस स्वस्त म्हणून आम्ही पेट्रोल नावापुरतं ठेवायचो, आणि ते महिनोन्महिने तसंच पडून राहायचं. अशाने पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात आणि टाकीतला पंप कोरडा पडून जळतो. आता आठवड्यातून एक फेरी पेट्रोलवर काढायची आणि टाकी पाव तरी भरलेली ठेवायची, असं ठरलंय.

त्यांनी सिलिंडरची तारीखही बघितली. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते. पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासतात आणि तारखेची पट्टी लावून देतात. आमची तारीख उलटून चार महिने झाले होते. डायलिसिसच्या पेशंटला ज्या सिलिंडरपासून दोन फुटांवर बसवतो, त्याची तपासणी आम्ही विसरलो होतो. टिकटिक झाली नसती तर अजूनही विसरलेलेच असतो. त्याच आठवड्यात ती करून घेतली. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसी बुकात आणि विम्याच्या कागदावर आहे ना, हेही वाचकांनी आजच काढून बघावं. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनीला नकाराचं कारण आपणच हातात देतो.

महाडला आमच्या खालूंकडे डिझेलची गाडी आहे. त्यांना हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाले, "माझ्याकडेही टिकटिक आहे, पण त्यात फुस्स पण आहे." डिझेलची गोष्ट वेगळी. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा एक वॉशर असतो, दहा-वीस रुपयांच्या नाण्याहूनही लहान. तो बसका झाला की सिलिंडरमधला दाब बाजूने फुसफुसत निघतो, इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो आणि केबिनमध्ये धुराचा वास येतो. वेळेत वॉशर बदलला तर काम थोडक्यात आटपतं. उशीर केला तर इंजेक्टर त्या डांबरात असा रुततो की काढता काढता हेडचं नुकसान होतं. डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल आपल्या नाशिकला कित्येक वर्षं बनत आलेत, जुनी मायको कंपनी, आताची बॉश. नाशिकला मायको सर्कल म्हणतात ते तिच्यावरूनच. खालूंना सांगितलं, दिवाळीची वाट बघू नका. त्यांनी गाडी दाखवली का ते अजून कळलेलं नाही.

गुरुवारी सकाळी अम्मींना घेऊन निघालो. पाम बीचच्या सिग्नलला गाडी थांबली. मागून अम्मींचा आवाज आला, "का थांबवली? बंद पडली का?"

"नाही अम्मी, चालू आहे. सिग्नल आहे."

"ऐकू येत नाही काही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

तसं अगदीच काही ऐकू येत नाही असं नाही. बोनेट उघडलं तर बारीक गुणगुण आहे. अब्बांनी संध्याकाळी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं, या वेळी डाव्या कानाने, आणि चारही सारखे वाजतात म्हणाले. मग अम्मींच्या हाताला लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा त्यांनी मागून घेतला, त्यावर बॉलपेनने फिल्टर बदलल्याची तारीख आणि पुढची तारीख लिहिली, आणि तो बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला.